जुना ॲम्प्लिफायर : आधी उघडा, मग ठरवा

घरातला पंचवीस-तीस वर्षांचा ॲम्प्लिफायर घोगरा वाजायला लागला की दोनच सल्ले मिळतात. 'जुनं ते सोनं, दुरुस्त कर' किंवा 'भंगारात दे, नवा आण'. दोन्ही सल्ले पेटी न उघडता दिलेले असतात. खरा निर्णय एकाच गोष्टीवर होतो : जे मेलंय ते नागपूरच्या सीताबर्डीत किंवा कुरिअरने मिळतं का? कंडेन्सर (वीज साठवणारा डबा), रिले (विजेने चालणारा स्विच), ट्रान्झिस्टर, बेल्ट, स्पीकरचा फोम मिळतो. कंपनीचा खास आयसी, डिस्प्ले आणि बटणांमागची प्रोसेसर चिप सहसा मिळत नाही. ट्रान्सफॉर्मर या दोन्हींच्या मधे आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

सेट सरळ प्लगमध्ये लावू नका. सिरीज बोर्ड करा : फेजच्या वायरीत १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजला. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. स्पीकर काढून ठेवा आणि स्विच दाबा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर मोठा शॉर्ट नाही. भकाभक पेटत राहिला तर लाइन काढून ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या, म्हणजे सेटकडे जाणाऱ्या बाजूच्या, वायरी सोडा आणि पुन्हा बघा. आता मंद झाला तर ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे, दोष पुढे ब्रिजमध्ये (एसीचं डीसी करणारे डायोड) किंवा स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट ट्रान्झिस्टरमध्ये आहे. तरीही पेटलेलाच राहिला तर आतले वेढे शॉर्ट झालेत. मोटार रिवाइंडिंगची दुकानं आपल्याकडे प्रत्येक तालुक्याला आहेत, पण पंपाची मोटार भरणं वेगळं आणि ऑडिओचा ट्रान्सफॉर्मर भरणं वेगळं. वेढे मोजून, थरांमध्ये कागद घालून भरणारा कारागीर मिळाला तरच चौकोनी पत्र्यांचा ट्रान्सफॉर्मर भरायला द्या. गोल टोरॉइड असेल तर मी पुढे खर्च करणार नाही.

आत हात घालण्याआधी मोठे कंडेन्सर रिकामे करा. १ किलोओहम, ५ वॅटचा रझिस्टन्स त्यांच्या दोन्ही टोकांना अर्धा मिनिट धरा आणि मीटरने खात्री करा. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढायची सवय सोडा, त्यात कंडेन्सर आणि ट्रॅक दोन्ही खराब होतात.

आता कंडेन्सर, कारण आपल्याकडे सगळ्यात आधी तेच मरतात. इलेक्ट्रोलिटिकमधलं द्रव उष्णतेने सुकतं. ढोबळ नियम असा : तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश, वर टिनाचं छप्पर, आणि पेटीच्या आत सहज ६५. कंडेन्सरवर '८५ अंश, २००० तास' लिहिलं असेल तर ६५ अंशांवर हिशेबाने ८००० तास मिळतात, म्हणजे रोज तीन तास वाजवला तर सात वर्षं. तोच १०५ अंशांचा, २००० तासांचा घेतला तर ३२००० तास, म्हणजे जवळपास एकोणतीस वर्षं. नवीन बसवताना १०५ चाच मागा.

त्याचा व्होल्टेजही आपल्या लाइनकडे बघून निवडा. रात्री वावरातल्या मोटारी बंद झाल्या की २३० च्या जागी २६५ व्होल्ट आलेले असतात. सेटच्या आतली डीसी लाइन ४४ व्होल्टची असेल तर ती त्याच प्रमाणात वाढून ५० च्या वर जाते, आणि मूळचा ५० व्होल्टचा कंडेन्सर फुगतो. तिथे ६३ व्होल्टचा घाला. मायक्रोफॅरड मूळचेच ठेवा. ४७०० च्या जागी थेट २२००० घातले तर स्विच दाबताच ब्रिजवर झटका बसतो.

उलट बाजू जास्त घातक आहे. मोटारी चालू असताना लाइन १७० वर येते. तेव्हा डीसी त्याच प्रमाणात उतरते आणि वॅट व्होल्टच्या वर्गाच्या हिशेबाने पडतात : ५० वॅटचा सेट २७ वॅटच्या आसपास येतो. आवाज कमी वाटतो म्हणून व्हॉल्यूम वाढवला जातो, सेट क्लिप होतो, म्हणजे आवाजाची लाट वर-खाली कापली जाते, आणि ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) जळतो. मग दोष ट्वीटरवर येतो. दुरुस्तीच्या खर्चात स्टॅबिलायझर आणि ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ धराच. डीपीवरचा न्यूट्रल तुटला तर घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतं, तिथे कटऑफच वाचवतो.

बाकी लक्षणं पटकन ओळखता येतात. व्हॉल्यूम शून्यावरही घूं आवाज असेल तर फिल्टर कंडेन्सर, म्हणजे ब्रिजपुढचे मोठे कंडेन्सर, बघा. व्हॉल्यूमसोबत वाढत असेल तर इनपुटची वायर किंवा अर्थिंग. एक बाजू हळू वाजते आणि आवाज वाढवला की अचानक उघडते, तर स्पीकरच्या रिलेचे पॉइंट काळे पडलेत. घासत बसू नका, त्याच कॉइल व्होल्टेजचा नवा रिले घाला. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस वेळा फिरवा. घरात कापूस साठवत असाल तर हीटसिंकच्या पात्यांत बघा, तंतूंचा थर असतो. तो उष्णता अडवतो, पावसाळ्यात ओल धरतो, आणि तापलेल्या रझिस्टन्सवर पडला तर धूर निघतो. सुक्या ब्रशने काढा.

आउटपुट ट्रान्झिस्टर उडाले असतील तर आधी त्यांचा नंबर वाचा. टूएन ३०५५ सारखे सुटे ट्रान्झिस्टर आजही मिळतात. नकली फार आहेत, म्हणून सगळ्यात स्वस्त घेऊ नका. अभ्रकाची चकती आणि थर्मल पेस्ट नवी लावा. ट्रान्झिस्टरची बॉडी आणि हीटसिंक यांच्यात मीटरने शॉर्ट नाही हे बघा. सुट्या ट्रान्झिस्टरऐवजी एसटीके नंबरचा जाड आयसी (आउटपुटचा सगळा भाग एकाच तुकड्यात) असेल तर थांबा. मूळ माल दुर्मिळ झालाय, बाजारातले बरेच नकली असतात आणि पहिल्या जोराच्या वाजवण्यात उडतात. असा सेट माझ्या मते बदलावा. दुरुस्तीनंतर स्पीकर न लावता आउटपुटवर डीसी मोजा : ५० मिलिव्होल्टच्या आत हवं. एक-दोन व्होल्ट दिसले तर स्पीकर लावायचाच नाही.

स्पीकर मात्र सहज टाकू नका. कडेचा फोम बोटाने चुरा झाला तरी आतली कॉइल चांगली असू शकते. ८ ओहमच्या स्पीकरवर मीटर ६ ते ७ दाखवतो. कोन दोन्ही हातांनी सारखा दाबा. घासल्याचा आवाज नसेल तर फोम बदलून तो पुन्हा वाजतो. जुना गोंद पूर्ण काढा, फोम आधी कोनला चिकटवा, सुकला की फ्रेमला, आणि कोन मधोमध बसल्याची खात्री करून २४ तास हात लावू नका.

नवा घ्यायचाच असेल तर टीपीए ३११६ चिपचा छोटा क्लास-डी (कमी तापणारा) ॲम्प्लिफायर बोर्ड आणि १९ व्होल्टचा लॅपटॉप ॲडॅप्टर बघा. ८ ओहमला सुमारे २० वॅट मिळतात. ॲडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे लाइन १७० ला आली तरी आवाज पडत नाही, आणि लाइन गेली की बोर्ड १२ व्होल्टच्या बॅटरीवर कमी आवाजात वाजतो. गावातल्या लाइनसाठी हा गुण मोठा आहे.

जुना सेट भंगारात देताना ट्रान्सफॉर्मर चांगला असेल तर काढून ठेवा. हीटसिंक, नॉब आणि स्पीकरचे टर्मिनलही काढा. ट्रान्सफॉर्मरवर सेकंडरीचे व्होल्ट मोजून मार्करने लिहा, नाहीतर दोन वर्षांनी हातात येईल तेव्हा पुन्हा सिरीज बोर्डवर लावून मोजत बसावं लागेल.