इशापूरची रायफल आणि माझं मधलं नाव

जुनी लष्करी रायफल पुन्हा मूळ रूपात आणणं हे वाटतं तेवढं अवघड नाही. लाकूड, तेल, चार स्क्रू आणि शनिवार-रविवार मोकळे असले की झालं. ती कायदेशीरपणे आपल्या हातात पडणं, हे खरं काम. माझी मिळून बरेच दिवस झाले, पण त्या दुकानाच्या रस्त्याने गाडी नेली की अजून डोकं तापतं.

रायफल कोणती, ते आधी सांगतो. इशापूर २ए१. बंगालमध्ये बराकपूरजवळच्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली, साल १९६७. दिसायला थेट आपली थ्री नॉट थ्री. निवडणुकीच्या बूथवर आपण सगळ्यांनी पाहिलेली, आणि २००८ च्या नोव्हेंबरात सीएसटीवर पोलिसांच्या हातात होती तीच. फरक एवढाच की ही .३०३ ऐवजी ७.६२ मिलिमीटर नाटो काडतूस घेते आणि हिचं मॅगझिन खालून चौकोनी, १२ राउंडचं असतं. चीनच्या युद्धानंतर हिचं काम सुरू झालं. भारतात ही दोन्ही बोअर सामान्य नागरिकाला साध्या परवान्यावर मिळत नाहीत, तिथे हौशी लोक .३१५ वर भागवतात. अमेरिकेत मात्र या रायफली लष्करी सरप्लस म्हणून आल्या आणि आजही जुन्या मालाच्या दुकानांत सापडतात.

मला सापडली ती ओहायोत, माझ्या घरापासून तासाभरावर. आधीच्या मालकाने हरणाच्या शिकारीसाठी पुढचं लाकूड अर्ध्यात कापलेलं, वरची लाकडी झाकणं गायब, नाकाडावरची लोखंडी टोपीही नाही. पण नळी पूर्ण होती. हे मोजून बघा, २५.२ इंच. काही आयातदारांनी याच रायफलींच्या नळ्या छाटून ‘जंगल कार्बाइन’ म्हणून विकल्या, त्यांना मूळ रूपात आणता येत नाही. कापलेलं लाकूड बदलता येतं, कापलेली नळी वाढत नाही. बाजूला अशोकस्तंभाचा सिंह, त्याखाली आर.एफ.आय. (म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर) पाहिलं आणि मी लगेच होकार दिला.

इथून पुढे फॉर्म ४४७३, म्हणजे अमेरिकेत दुकानातून बंदूक घेणाऱ्याने भरायचा सरकारी फॉर्म.

हा फॉर्म दुकानात बसून भरायचा असतो. त्यात नाव लिहायच्या जागी सूचना आहे: मधलं नाव नसेल तर ‘एनएमएन’ लिहा, कायदेशीर नावातच फक्त आद्याक्षर असेल तर ‘आयओ’ लिहा. आता आपली नावं बघा. माझ्या पासपोर्टवर आणि ग्रीन कार्डवर माझं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात सलग छापलंय. ड्रायव्हिंग लायसन्सवर वडिलांच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, लायसन्सवर एकच अक्षर आहे, तेव्हा ‘आयओ’ लिहा. मी म्हटलं, बाबा रे, माझं मधलं नाव अख्खं आहे, लायसन्सवर ते छोटं छापलंय म्हणून कायदेशीर नाव छोटं होत नाही. त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने फॉर्मची सूचना वाचली, पुन्हा वाचली आणि मान हलवली. मी पूर्ण नाव लिहिलं. ग्रीन कार्ड असल्यामुळे नागरिकत्वाच्या रकान्यात भारत, आणि शेजारी माझा एलियन नंबर, म्हणजे इमिग्रेशनकडचा नंबर.

मग तपासणी. निक्स नावाची एफबीआयची यंत्रणा १९९८ पासून आहे, ती वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गमधून चालते. दुकानदार तुमची माहिती पाठवतो आणि तीनपैकी एक उत्तर येतं: प्रोसीड, डिलेड किंवा डिनाइड. नागरिक नसलेल्या माणसाची इमिग्रेशनकडेही वेगळी विचारणा होते, ती टाळता येत नाही. माझं उत्तर आलं डिलेड.

डिलेड म्हणजे नकार नव्हे. केंद्रीय कायद्याप्रमाणे कामकाजाचे तीन दिवस उलटले आणि नकार आला नाही, तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. ‘शकतो’ म्हणजे त्याच्या मर्जीवर. या दुकानाचा नियम असा की प्रोसीड आल्याशिवाय काहीही द्यायचं नाही. हा नियम भिंतीवर नव्हता, पावतीवर नव्हता. पैसे घेताना कुणी बोललं नाही. तीन दिवसांनी मी गेलो तेव्हा कळलं. त्यांना तसा नियम ठेवायचा हक्क आहे, यावर वाद नाही. पण पैसे घेण्याआधी सांगायला काय जात होतं?

त्यात आणखी एक पाचर: ही तपासणी ३० दिवसच ग्राह्य असते. तेवढ्यात रायफल ताब्यात गेली नाही तर तपासणी नव्याने. तीही डिलेड. रायफल त्यांच्या मागच्या खोलीत, पैसे त्यांच्या गल्ल्यात, आणि मी फोन करून तेच विचारतोय. फोनवर दरवेळी वेगळा माणूस, दरवेळी ‘नाव स्पेल करा’. सरकारी काम आणि सहा महिने थांब ही आपली म्हण खाजगी दुकानालाही लागू पडते, हे मला ओहायोत येऊन कळलं.

दरवेळी डिलेडच का येतं, हे मी शेवटी नियम वाचून शोधलं. प्रोसीड मिळालं की त्या तपासणीतली तुमची ओळख सांगणारी माहिती २४ तासांच्या आत नष्ट करावी लागते, कायद्यानेच. म्हणजे तुमच्यासारख्या नावाचा दुसरा कुणी नोंदीत असेल आणि तो तुम्ही नाही हे आज सिद्ध झालं, तरी पुढच्या खरेदीला ते कुणाच्या लक्षात नसतं. पाटी कोरी. यावर उपाय म्हणजे व्हॉलंटरी अपील फाइल. आपण अर्ज करतो, बोटांचे ठसे देतो, आणि आपली माहिती ठेवून घ्यायला स्वतःच परवानगी देतो. मंजूर झालं की एक नंबर मिळतो, त्याला यूपिन म्हणतात. फॉर्म ४४७३ वर त्यासाठी रकाना आहे. दुकानातल्या एकालाही हे माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर एकाने ते कागदावर लिहून घेतलं, तेवढंच समाधान.

ठसे अधिकृत ठिकाणी घ्यावे लागतात. मी गेलो ते ऑफिस ठसे ठरलेल्या वेळातच घ्यायचं आणि ती वेळ दारावरच्या चिठ्ठीवर एक, फोनवर दुसरी. हिवाळ्यात गेलात तर आदल्या रात्री बोटांना व्हॅसलिन लावा, सकाळी धुऊन टाका. कोरड्या, भेगाळलेल्या बोटांचे ठसे नीट उमटत नाहीत आणि ठशांचं कार्ड परत येतं. ग्रीन कार्डची प्रत सोबत जोडा. यूपिन असला तरी तपासणी प्रत्येक वेळी होतेच, पण माझ्या बाबतीत त्यानंतरचं उत्तर मी काउंटरवर उभा असतानाच आलं. प्रोसीड. मॅनेजरने अभिनंदन केलं. मी हसलो नाही.

म्हणून सांगतो, रायफल शोधायच्या आधी यूपिनचा अर्ज टाका. आपल्यापैकी ज्यांची नावं पाटील, देशमुख, कुलकर्णी अशी सर्रास आहेत, त्यांनी तर नक्की. आणि दुकानदाराला पैसे देण्याआधी एकच प्रश्न: डिलेड आलं आणि तीन दिवस गेले, तर तुम्ही काय करता?

एच-वन-बीवाल्यांनी आधीच ऐकावं: तुम्ही कायद्याच्या भाषेत नॉन-इमिग्रंट आहात, त्यामुळे मुळात मनाई आहे. चालू हंटिंग लायसन्ससारख्या मोजक्या सवलती आहेत, पण त्या वकिलाला विचारून घ्या, रेंजवरच्या मित्राला विचारून नको.

‘पन्नास वर्षांपेक्षा जुनी आहे, मग ३० डॉलरचं संग्राहकाचं लायसन्स काढून थेट घरी का नाही मागवली?’ असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. ते लायसन्स चांगलं आहे, तीन वर्षं चालतं. पण वयाचा तो नियम मूळ रूपातल्या हत्यारासाठी आहे. माझी कापलेली होती.

पुढचं काम सुखाचं. सीरियल नंबर रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी भागावर असतो आणि कायद्याच्या लेखी तीच बंदूक, त्यामुळे लाकूड, पट्ट्या, टोपी हे सगळं साध्या पार्सलने घरी येतं. जुन्या नंबर १ मार्क ३ चं, म्हणजे जुन्या थ्री नॉट थ्रीचं लाकूड बहुतेक बसतं, मात्र घाईने ठोकून बसवू नका. ट्रिगरच्या पुढे लाकूड लोखंडाला जिथे टेकतं तिथे दोन्ही बाजूंनी सारखं टेकलं पाहिजे, नाहीतर गोळी झाडल्यावर चीर जाते. चीर जाऊ नये म्हणूनच इशापूरवाल्यांनी लाकडात आडवा स्क्रू घातलाय. वरून कच्चं जवसाचं तेल, हाताने चोळून, पातळ थर. वार्निश लावलंत तर माझ्याशी बोलू नका. चालवण्याआधी गनस्मिथकडून हेडस्पेस (बोल्ट आणि काडतूस यांच्यातली मोकळी जागा) तपासून घ्या, तिथे पैसे वाचवू नका. माझा एक सहकारी परदेशी सुटे भाग आणून सेमी-ऑटोमॅटिक रायफल जोडतो. त्याला कायद्यातल्या यादीतले आयात भाग दहापेक्षा जास्त चालत नाहीत, तो सतत मोजत असतो. माझ्यासारख्या बोल्ट-ॲक्शनला, म्हणजे दर गोळीनंतर हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीला, ती कटकट नाही. मूळ रूपातल्या जुन्या लष्करी रायफलींच्या स्पर्धा इथे लेक ईरीच्या काठावर कॅम्प पेरीला होतात, तिकडे नेण्याचा विचार आहे.

एक राहिलंच. रेंजवर नेलेली बॅग घेऊन भारतात जाऊ नका. कप्प्यात विसरलेलं एक काडतूसही मुंबईच्या विमानतळावर सापडलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि तिथे ग्रीन कार्ड काही कामाचं नाही. आमच्याकडे बायकोने त्या बॅगवर जाड मार्करने ‘विमानाला नाही’ असं लिहून ठेवलंय.