बोरीच्या नाल्याकडे

नगरच्या माणसाला पाऊस आकाशापेक्षा प्रार्थनेतच जास्त भेटतो. जून सरत आला की आमच्या चर्चमध्ये पावसासाठी खास प्रार्थना व्हायची. उपासना संपवून घरी आल्यावर वडील अंगणात उभे राहून पश्चिमेकडे बघत बसायचे. लूकच्या शुभवर्तमानात येशू लोकांना म्हणतो, पश्चिमेला ढग वर आलेला दिसला की तुम्ही लगेच सांगता, सर येणार. तिथेही समुद्र पश्चिमेला, इथेही पश्चिमेला. त्यामुळे ते वचन थेट नगर जिल्ह्यासाठीच लिहिलंय, अशी वडिलांची खात्री होती. पुढे मी भूगोलाचा मास्तर झालो आणि वर्गात नैर्ऋत्य मोसमी वारे शिकवू लागलो, पण नजर पश्चिमेकडेच जायची.

नागपूरला ही सवय उपयोगाची नाही. तिथे मोठा पाऊस येतो तो बहुतेक पूर्वेकडून, बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांबरोबर. २०२४ च्या सप्टेंबरात असाच एक पट्टा मध्य भारतावर आला होता. मराठवाड्यात पाणीच पाणी झालं होतं. मी मात्र नेमक्या त्याच वेळी रात्री उशिरा नगरहून महाराष्ट्र एक्सप्रेस पकडली. 'आत्ता कशाला जाताय?' असं बायकोने दोनदा विचारलं. मी म्हणालो, चार तारीख एकदाच येते.

चार तारखेचं सांगतो, पण आधी दुसरी गोष्ट.

मी पाळक नाही. पण पाळकसाहेब बाहेरगावी असले की संदेश द्यायला मला बोलावतात आणि माझा ठरलेला उतारा म्हणजे मार्कचा चौथा अध्याय. तारवातली मंडळी, वादळ, आणि मागच्या बाजूला उशीवर डोकं टेकून झोपलेला येशू. भूगोलाच्या मास्तरासाठी तर ही मेजवानीच. गालीलचं सरोवर समुद्रसपाटीच्या दोनशे मीटरहून खाली, लांबी साधारण २१ किलोमीटर, भोवती डोंगर. वरची थंड हवा खिंडीतून खाली कोसळते आणि घटकाभरात पाणी उसळायला लागतं. मी फळ्यावर काढावं तसं हाताने हवेत चित्र काढायचो, मग आवाज चढवायचो, मग येशू उठून वाऱ्याला दटावतो तिथे आवाज खाली आणायचो. पहिल्या बाकावरच्या आज्या डोळे पुसायच्या.

एप्रिल २०२१ मध्ये माझा धाकटा भाऊ गेला. कोरोना. अकरा दिवस आम्ही साखळी प्रार्थना चालवली, दर तासाला एक घर, रात्रीसुद्धा. पहाटे तीनचा तास माझा होता. बाराव्या दिवशी फोन आला. त्यानंतर मी तो उतारा वाचला नाही. संदेश द्यायला बोलावलं की स्तोत्रं घ्यायचो, नीतिसूत्रं घ्यायचो, कधी रूथ. कोणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर बोललं नाही कोणी.

गाडी संध्याकाळी नागपूरला पोहोचली. पोळ्याचा दिवस. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने कपाळाला टिळा लावला होता आणि हँडलला मातीचा छोटासा बैल बांधला होता. शंकरनगर ओलांडून अंबाझरीच्या खालच्या अंगाला, नाग नदीपासून हाकेवर, माझ्या मावशीचं घर. इकडे वसाहतीला ले-आउट म्हणतात. मावशी मूळची आमच्याकडचीच, पण लग्न होऊन इथे आल्याला चाळीसवर वर्षं झाली आणि तिची भाषा आता पार नागपुरी झालीय.

चहा होईस्तोवर मी बैठकीची भिंत पाहत होतो. रंग नवा, पण खालच्या भागात पोपडे सुटलेले आणि त्यांची वरची कड अगदी सरळ, पट्टीने आखावी तशी. जवळ जाऊन उभा राहिलो. माझ्या बरगडीपाशी आली.

"तेवढंच होतं," मावशी मागून म्हणाली. "बाहेर याहून जास्त."

ही २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरीचा तलाव भरून वाहिला आणि नाग नदीने काठच्या वस्त्या गिळल्या. शहरात माणसंही गेली. मावशीला जाग आली ती दोनच्या सुमारास. "पाय खाली ठेवला तं पाणी. मले वाटलं नळ चालू राहिला." मग फ्रिज आडवा झाला. मग लाइट गेली. मावशी आणि काका जेवणाच्या टेबलावर चढून बसले, आणि शेजारच्या पोरांनी खिडकीचे गज वाकवून त्यांना गच्चीवर काढलं तोवर उजाडायला आलं होतं. सकाळी जवान रबरी नाव घेऊन आले.

मी न राहवून विचारलं, "मावशी, त्या रात्री प्रार्थना केली असेल ना तुम्ही?"

"हव, केली ना. काका मोठ्याने करत होते, मी मनात. पाणी काई थांबलं नाई." तिने कपात साखर घातली. "नावेत बसवलं मले, तवा तुह्या त्या संदेशाची याद आली. येशू झोपला होता म्हंतोस ना तू? या नावेत कोनी झोपलं नव्हतं बरं. दोन पोरं होते, दोघंही वल्हवत होते."

त्यांचं बायबल कपाटाच्या खालच्या खणात होतं. तेही भिजलं. मावशीने ते आणून दाखवलं: फुगून दुप्पट झालेलं, काळं कव्हर एका बाजूला वळलेलं. पाण्यातून काढल्यावर तिने पानांमध्ये टाल्कम पावडर शिंपडून आठ दिवस पंख्याखाली ठेवलं होतं. अजून उघडलं की चंदनाच्या पावडरीचा वास येतो आणि खाली चिखलाचा. उत्पत्ती निघाली, निर्गम निघाली, पण लेवीयपासून गणनेपर्यंतचा भाग विटेसारखा एकसंध चिकटलाय. "राहू दे," काका म्हणाले, "तेवढं नाही तरी कोण वाचतंय?" मावशीने डोळे वटारले.

पुरानंतर एक ओळखीचा गृहस्थ भेटायला येऊन म्हणाला होता की हा पूर म्हणजे शहराला देवाचा इशारा आहे. मावशीने त्याला चहा पाजला आणि मग विचारलं, "माह्या घराले इशारा देल्ला अन् टेकडीवरच्या बंगल्याले नाई, असं काऊन? पाण्याले काय समजते, कोन चर्चमंदी जाते अन् कोन नाई?" तिला माहीत होतं की नाही ठाऊक नाही, पण ती मत्तयच्या पाचव्या अध्यायातलंच बोलत होती: देव नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो. वादळात धडा शोधायची आम्हा ख्रिस्ती लोकांना भारी हौस. पण धडा शोधताना आपण नकळत न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतो. शेजाऱ्याच्या घरात पाणी आलं तर शिक्षा, आपल्या घरात आलं तर परीक्षा. माझ्या भावाच्या वेळीही एका बाईने 'विश्वास कमी पडला असेल' असं पुटपुटलेलं मी ऐकलं होतं. पुढे कितीतरी दिवस मी तिच्या बाकाकडे बघत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे ईडा पीडा गावाबाहेर घालवणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. काकांनी हट्टाने इतवारीत नेलं. गर्दीत मोबाइल सांभाळत काळी मारबत पाहिली, पिवळी पाहिली, पुढाऱ्यांची टर उडवणारे पुतळे, म्हणजे बडगे पाहिले. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" असा गजर चालला होता. आमच्या लोकांनी यात भाग घ्यावा की नाही यावर काकांचं आणि मावशीचं जुनं भांडण आहे, ते रिक्षात पुन्हा झालं. मला मात्र त्या हाळीत एक सरळपणा वाटला. दुःख आहे, ते जावं, बस. त्यातून कोणी काही शिकावं असा आग्रह नाही.

संध्याकाळी सदरला ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये गेलो. याच आवारात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. आवारात पाणी साचलं होतं. माळीदादांनी आत सोडलं. मी अर्धा तास शेवटच्या बाकावर बसलो, काही सुचलं नाही, उठून आलो. संत्रा बर्फी घेतली.

आता चार तारीख.

नागपुरात हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे. १८८३ चं. ज्यांच्या नावाचं ते आहे ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडचे मिशनरी, १८४५ साली नागपुरात आले. शाळा काढली, गोंडांच्या भाषा आणि कथा टिपून ठेवल्या, आणि उरलेल्या वेळात हातोडी घेऊन दगड फोडत फिरले. शहराजवळच्या टाकळीतून त्यांनी जीवाश्म गोळा केले. एका खनिजाला हिस्लोपाइट असं त्यांचं नाव आहे. माझ्यासारख्या भूगोलवाल्याला असा मिशनरी आवडणारच. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल त्यांचे स्नेही. कॉलेज आज टेम्पल रोडवर आहे, ती पाटी वाचून मला उगीचच बरं वाटलं.

४ सप्टेंबर १८६३. टेम्पल यांचा मुक्काम बोरीला होता. जवळच्या टाकळघाटला लोहयुगातली दगडांची वर्तुळं आहेत, ती पाहायला आणि उकरायला दोघे गेले होते. टेम्पल पुढे परतले. हिस्लॉप तिथली शाळा बघायला मागे राहिले आणि नंतर एकटेच घोड्यावरून निघाले. वाटेतला नाला मधल्या काळात फुगला होता. छावणीत घोडा आला, वर कोणी नव्हतं. शोधायला गेलेल्यांना पाण्यात देह सापडला. चार दिवसांनी त्यांना ४६ वर्षं पूर्ण झाली असती.

शाळा तपासायला थांबला म्हणून बुडालेला माणूस. माझ्या कोणत्या संदेशात हा बसतो, हे मला पाहायचं होतं.

बोरी म्हणजे आजचं बुटीबोरी. वर्धा रोडने तासभर, शहर बसने. आता तिथे एमआयडीसी आहे, उड्डाणपूल आहे, ट्रकांच्या रांगा आहेत. चौकात तर्री पोहे खाल्ले; तर्री इतकी जहाल की नाकातून पाणी आलं. हातगाडीवाल्याला विचारलं, इथे जुना साहेब बुडाला तो नाला कोणता? तो म्हणाला, "साहेब, नाले तं लई आहेत. कोनता पाहिजे?" मग त्याने एका शेअर ऑटोत बसवून दिलं आणि टाकळघाटच्या वाटेवरच्या एका फरशीपुलाशी मी उतरलो. तो नाला हाच, असा माझा दावा नाही. पण वाट तीच दोन गावांमधली.

पाऊस भुरभुरत होता. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कपाशी कमरेएवढी. ही माती मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवली: ओल धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते. पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं की ती एकदा पोटभर प्याली की थेंबही आत घेत नाही. वरचं सगळं पाणी सरळ नाल्यात. म्हणजे दुपारी पाय न भिजवता ओलांडलेला नाला संध्याकाळी घोडा का लोटू शकतो, ते दहा मिनिटांत समजलं. चपलेला किलोभर चिखल चिकटला होता.

पाणी फरशीला घासून वाहत होतं, चहाच्या रंगाचं. त्यात पळसाच्या फांद्या येत होत्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात आणि मग ईडा पीडेबरोबर गावाबाहेर टाकतात, त्याच त्या. एक फांदी फरशीला अडली, गोल फिरली, सुटली.

मी पिशवीतून बायबल काढलं, छत्री मानेत धरली आणि मार्क चार उघडलं. तीन वर्षांनी. मोठ्याने वाचलं, ऐकायला कोणी नव्हतं. अडतिसाव्या वचनाशी आलो: गुरुजी, आपण बुडतोय, तुम्हाला त्याची काहीच फिकीर नाही का? आणि मला माझीच चूक दिसली. इतकी वर्षं मी या वचनावरून धावत पुढे जायचो. एकोणचाळिसाव्यात वारा पडतो ना, तिथे पोहोचायची घाई. शिष्यांचा तो प्रश्न मला जरा लाजिरवाणाच वाटायचा, कमी विश्वासाचा. पण त्या प्रश्नाला तिथे उत्तर मिळत नाही. वारा पडतो, मग येशूच त्यांना उलट विचारतो, आणि ते एकमेकांकडे बघत राहतात. फिकीर होती की नव्हती, हे शब्दांत कोणी सांगत नाही. तरीही मार्कने तो प्रश्न खोडला नाही. हिस्लॉपनी शेवटी काय विचारलं असेल कोण जाणे. पहाटे तीनच्या माझ्या तासाला मी हेच विचारत होतो, आणि ते प्रार्थनेत धरायचं नसतं असं समजून नंतर गप्प बसलो होतो.

त्याच अध्यायात आणखी एक बारीक वाक्य आहे: त्याच्याबरोबर दुसरीही तारवं होती. त्यांचं पुढे काय झालं, मार्क सांगत नाही. मी कधी विचारही केला नव्हता.

फोन वाजला. मावशी.

"कुठे आहेस? इकडं पुन्हा सुरू झाला धो धो."

"नाल्यापाशी."

"पाणी किती आहे?"

"फरशीला लागलंय."

"मंग उभा काय राह्यला? निंघ तिथून!"

मी पुस्तक पिशवीत कोंबलं आणि निघालो. फरशीवरून परतताना पाणी घोट्याला लागलं. ऑटो मिळेपर्यंत पाळकसाहेबांना फोन करून सांगितलं की पुढच्या रविवारी संदेश मी देतो. उतारा कोणता, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मार्क चार, पस्तीस ते अडतीस. ते थोडा वेळ थांबून म्हणाले, "पुढचं एक वचन राहतंय की."

"माहीत आहे," मी म्हणालो, आणि ऑटोला हात केला.