आमची वाटचाल: ट्रेडलपासून रीलपर्यंत

हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात सुरू झाला, हे आमच्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी आधी सांगतो आणि मग त्याच्या हातात झाडू देतो. त्या मानाने आमचा फोंड्यातला छापखाना कालचा. बाबांनी बेळगावहून जुनं ट्रेडल छपाईयंत्र आणलं, खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, केस आणल्या आणि बाजारामागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत बस्तान बसवलं. पुढे मिनी ऑफसेट आलं, डीटीपी म्हणजे कॉम्प्युटरवरची जुळणी आली, खिळे वजनावर गेले. लग्नपत्रिका, बिलबुकं, जत्रेची हँडबिलं, उत्सवातल्या नाटकांच्या जाहिराती. फोंड्याकडे देवळं किती आणि देवळागणिक नाटकं किती, हे इथल्या माणसाला सांगायला नको. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा तर झाडून सगळ्या दुकानदारांना नव्या नंबरची बिलबुकं हवी होती. नंबरिंग मशीन थंड व्हायला वेळ नव्हता. ती वर्षं बरी गेली.

मग २०२० चा मार्च. एप्रिल-मेच्या मुहूर्तांच्या पत्रिका छापून, घड्या घालून, गठ्ठे बांधून तयार होत्या. मुहूर्त टळले. पुढे लग्नाला पन्नास माणसांची परवानगी मिळाली, पण पन्नास माणसांसाठी पत्रिका कोण छापतो? उरलेले पैसे मागायला जीभ रेटेना, कारण समोरच्याचीही गत आमच्यासारखीच. मशीनवरचे दोघे गावी गेले ते आलेच नाहीत. रोलर एका जागी दबून बसू नयेत म्हणून अधूनमधून मशीन रिकामं फिरवायचं, एवढंच काम उरलं होतं. भाडं मात्र चालू. कटिंग मशीन विकायला काढलं होतं, गिऱ्हाईकही ठरलं होतं, पण त्याच्याकडेही पैसे नव्हते म्हणून ते वाचलं.

याच काळात मोबाईलवरच्या पत्रिकेची सवय लागली. "काका, एक डिझाईन करून द्या. छापायचं नाहीये, ग्रुपवर टाकायचंय." त्याचे पैसे सांगितले की माणूस चमकायचा. छापलंच नाही तर पैसे कसले? डोकं, अक्षर, दोन तासांची जुळवाजुळव, सगळं फुकटात, मोजायचा तो फक्त कागद! आमच्या धंद्यात सोशल मीडियाने केलेलं पहिलं नुकसान हे. कागद गेला त्याचं एवढं नाही, पण अक्षराची किंमत गेली.

फायदाही तिथूनच झाला, हे नाकारत नाही. टिकटॉकवर बंदी येऊन रील नवीनच निघाले होते. माझ्या पुतणीने छापखान्याचं पेज काढलं. मला वाटलं होतं ती ऑफसेटवरची चार रंगी माहितीपत्रकं दाखवील. तिने धूळ पुसली ती बाबांच्या ट्रेडलची. भंगारवाला ते दोनदा बघून गेला होता. शाईची गोल तबकडी दर फेऱ्याला थोडी सरकते, रोलर तिच्यावरून शाई घेऊन अक्षरांवर उतरतात, तेवढ्यात उजव्या हाताने कोरा कागद ठेवायचा, डाव्याने छापलेला काढायचा, आणि जबडा मिटायच्या आत दोन्ही हात बाहेर. हे तिने जवळून टिपलं, खडखडाटासकट. खाली एक अक्षर लिहिलं नाही.

त्या व्हिडिओवरून आसगावच्या एका कॅफेचं काम आलं. जाड कागदावर कार्डं हवी होती, अक्षर बोटाला लागेल अशी खोल उठलेली. बाबांच्या वेळी कागदाच्या मागे खिळ्याचा दाब उमटला तर मशीनवाल्याचा उद्धार व्हायचा. आता त्याच दाबाचे जास्त पैसे मिळतात! मागोमाग पणजीहून, म्हापशाहून कामं आली. ही माणसं आमच्या गल्लीत जन्मात आली नसती.

पण आपण दाखवलेलं सगळ्यांनाच दिसतं. पणजीकडच्या एकाची नजर पेजवर गेली. नाव घेत नाही. मशीन नाही, कटर नाही. लॅपटॉप आहे आणि बोलण्यात साखर. ऑर्डर घ्यायची, बाहेरच्या राज्यातून छापून आणायची, मध्ये आपला वाटा. त्यालाही हरकत नाही. पण याने आमच्या पत्रिकांचे फोटो उचलले, आमचं नाव कापलं आणि स्वतःच्या पेजवर चढवले. मला पत्ता लागला तो डिचोलीच्या एका वधूपित्यामुळे. मोबाईल पुढे करून म्हणाले, "अशीच पाहिजे, पण हा सांगतो त्याहून कमी दरात." बघतो तर पत्रिका आमचीच! कोपऱ्यात आमच्या टेबलाची सुरीने चिरलेली कड आणि पत्रिका धरलेला निळ्या शाईचा अंगठा. तो माझा. वधूपित्याला अंगठा जुळवून दाखवला, तरी ते म्हणाले, "ते खरं, पण दराचं काय?"

तक्रारीचा फॉर्म भरला, यंत्राने लिहिलेलं उत्तर आलं. त्याच्याच पोस्टखाली पुतणीने दोन ओळी लिहिल्या, तर आठवडाभरात आमच्या पेजवर कधी दुकानाची पायरी न चढलेल्या खात्यांचे एकेका ताऱ्याचे शेरे. बाबांच्या वेळीही स्पर्धक होते. दर पाडायचे, माणसं फोडायचे. पण तोंड दाखवून पाडायचे.

आता मास्तरांचं सांगतो. आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. देवस्थानाची आणि नाट्यमंडळाची छपाई बाबांपासून त्यांच्याकडूनच येते. ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र. नवरात्राच्या कार्यक्रमपत्रिकेचं प्रूफ कमिटीच्या ग्रुपवर टाकलं होतं, धडाधड अंगठे आले होते. मास्तर ग्रुपवर नाहीत, त्यांना त्यांचा मुलगा दाखवणार होता. नऊ वाजून गेले आणि जगभर व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम सगळंच बंद पडलं. निरोप जाईना की येईना. छपाईची प्लेट करायची की थांबायचं, या विचारात बसलो होतो, तेवढ्यात मास्तर स्कूटरवरून हजर. "कागदावर काढून दी."

काढून दिलं. लाल पेनाने वरून खाली एकेक ओळ ठोकत आले आणि तिसऱ्या मखरावर, म्हणजे तिसऱ्या रात्री देवाला मखरात बसवून झुलवतात त्या कार्यक्रमावर, थांबले. कमिटीने नेहमीप्रमाणे नऊ दिवस मांडले होते. त्या वर्षी तृतीया आणि चतुर्थी एकाच दिवशी, ९ तारखेला. नवरात्र आठ दिवसांचं, दसरा १५ ला. अंगठे देणाऱ्यांपैकी एकानेही पंचांग उघडलं नव्हतं. तसंच छापलं असतं तर मखर एका दिवशी आणि कीर्तनकार दुसऱ्याच. तेव्हापासून आमच्याकडे अंगठ्यावर प्लेट होत नाही. कागदी प्रूफ, त्यावर सही, मग मशीन. त्यापायी तरुण गिऱ्हाईकं कुरकुरतात. कुरकुरू देत.

कोणी विचारलं नाही तरी सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो आकसून सोळाशे पिक्सेलच्या आसपास येतो. तीनशे डीपीआयने, म्हणजे इंचाला तीनशे ठिपक्यांनी, छापायचा तर जेमतेम सव्वापाच इंच. वडिलांचा फोटो पुण्यतिथीच्या मोठ्या पोस्टरवर हवा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मोबाईलवरचा झगझगीत केशरी कागदावर तसा येणार नाही. पडदा उजेडाने रंग दाखवतो, कागद चार शायांनी. धंदेवाल्यांनी २५६ जणांच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर विसंबू नये. ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. पोस्ट बूस्ट करायचीच, म्हणजे पैसे देऊन जास्त लोकांना दाखवायचीच, तर आधी ती किती अंतरापर्यंत दिसावी ते ठरवा, नाहीतर वाराणसीहून लाइक येतील आणि दुकानात कोणीच येणार नाही. फोटोवर आपलं नाव कोपऱ्यात नको, मध्येच घाला, कापताच येऊ नये असं.

तो पणजीवाला अजून आहे. बाहेरून आलेल्या त्याच्या जाड कार्डांना घडीवर तडे जातात, म्हणून क्रीझिंगला, म्हणजे घडीची रेघ आधी दाबून घ्यायला, माल आमच्याकडे पाठवतो. दुसऱ्याच्या नावाने पाठवतो, पण टेम्पो त्याचाच असतो. कामाला मी नाही म्हणत नाही. पैसे आगाऊ घेतो, आणि रिक्षाने जाऊन आणायचे असतील तर त्याचं भाडं वेगळं.