नसलेला कोयता

आज संध्याकाळी सोसायटीच्या आवारात पाच-सहा वर्षांची पोरं खेळत होती. एकानं दुसऱ्याची कॉलर धरली, पाठीमागून नसलेला कोयता उपसला आणि रीलमधल्या भाईसारखा हवेत फिरवला. बाकीची पोरं हातात मोबाइल असल्यासारखी शूटिंग करत होती. पोटात गोळाच आला.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरांचे बाहुलीचे प्रयोग आठवले. १९६१ मध्ये मोठ्या माणसानं बाहुलीला बदडलेलं पाहून मुलांनीही तिला तसंच बदडलं, शब्दसुद्धा तेच वापरले. १९६३ मध्ये तेच फिल्मवर दाखवलं, तरी मुलांनी नक्कल केली. अर्थात बाहुलीला मारणारा उद्या माणसाला मारेलच असं नाही, गुन्हेगारीमागे घर, गरिबी, संगत असं बरंच काही असतं. पण १९६५ चा प्रयोग मला जास्त अस्वस्थ करतो. फिल्ममधल्या मारणाऱ्याला शिक्षा झालेली पाहिली, तेव्हा मुलांनी नक्कल कमी केली. रीलमधल्या भाईला कुठे शिक्षा होते? त्याला पार्श्वसंगीत आणि लाइक्स मिळतात!

त्या मुलाच्या आईशी बोलले. म्हणाली, "मोबाइलशिवाय घासच उतरत नाही हो त्याच्या घशाखाली." म्हटलं, उद्या रात्री जेवायला आमच्याकडे पाठव त्याला.