एमआय रूमची चिठ्ठी

मागच्या श्रावणात वावरात डवरणी चालू होती. बैल पुढे, मी मागे. तुरीचं एक तास पुरं व्हायच्या आतच थांबावं लागलं. छातीतून मांजरीच्या पिलासारखा आवाज येत होता, श्वास आत जात होता पण बाहेर निघत नव्हता. धुऱ्यावरून बायको ओरडली, "अहो, बसा खाली! बैल मी धरते." मी ढेकळांतच बसलो. वय ५०. चोवीस वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून घरी आलेला माणूस, अन् बायकोनं हातातला डवरा काढून घेतला.

आर्वीच्या डॉक्टरांनी वर्ध्याला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "बिडी किती वर्षं ओढता?" म्हटलं, आयुष्यात एकदाही नाही. मग दुसरा प्रश्न, "धुरात कुठे काम केलंय का?"

त्या प्रश्नासरशी सियाचिन डोळ्यांसमोर आलं.

आमची पलटण २००७ साली वर गेली. वर जाण्याआधी शरीराला हवेची सवय करावी लागते: पहिल्या टप्प्यात ६ दिवस, पुढच्या दोन्ही टप्प्यांत ४-४ दिवस. ते सगळं नीट झालं. हवा विरळ असते हे सांगतात, त्याची तयारी करून घेतात. पण चौकीतल्या धुराची सवय कोण करून देणार? घासलेटवर बुखारी, म्हणजे खोली गरम ठेवायची शेगडी, पेटायची, त्याच घासलेटच्या स्टोव्हवर बर्फ वितळवून प्यायचं पाणी व्हायचं. दार उघडं ठेवलं तर थंडीनं मरायचं, बंद ठेवलं तर धुरानं. सहा जण एवढ्याशा जागेत तीन महिने. सकाळी बाहेर येऊन थुंकलं की पांढऱ्याशुभ्र बर्फावर काळा ठिपका पडायचा. आम्ही रोज पाहायचो, रोज त्यावर बुटानं बर्फ सारायचो.

खाली आल्यावर खोकला जाईना. एमआय रूम, म्हणजे पलटणीचा दवाखाना, झाली, मग हॉस्पिटल, मग २४ आठवड्यांची टेंपररी कॅटेगरी लागली, म्हणजे तेवढे दिवस पूर्ण फिट नाही असा शेरा. आणि इथं मी चूक केली. पुढच्या मेडिकल बोर्डाला, म्हणजे डॉक्टरांच्या तपासणीला, डॉक्टर साहेबांनी विचारलं, "अब कैसा है?" मी म्हटलं, "एकदम ठीक, साहब." हवालदारीच्या बढतीचा कोर्स, कॅडर, समोर होता, कॅटेगरीवाल्याचं नाव मागे पडतं. शेप-वन, म्हणजे पूर्ण फिट, करून घेतलं. २०१८ ला घरी यायच्या वेळच्या मेडिकललाही तेच बोललो. घरी जायची घाई होती. डिस्चार्ज बुकात आजही शेप-वन लिहिलेलं आहे, आणि मला माझ्याच बोलण्याशी भांडावं लागतंय.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अपंगत्व पेन्शनसाठी अर्ज लिहून दिला, तिथून फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला, जिथं जवानांचे कागद असतात, स्पीड पोस्ट केलं. मधल्या काळात एका कार्यालयात खुर्चीवरचा माणूस म्हणाला, "इतक्या वर्षांनी आठवलं का? पेन्शन कमी पडते का?" मी त्याच्याशी वाद घातला नाही. घरी येऊन दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पैसा हवाच आहे, खोटं कशाला बोलू, इनहेलर फुकट मिळाला तरी शेताला मजूर फुकट मिळत नाही. पण त्याहून जास्त मला एक ओळ हवी आहे. बोर्डाच्या कागदावर लिहावं लागतं की आजार नोकरीमुळे झाला, की नोकरीनं वाढला, की दोन्हीही नाही. दोन्ही नाही म्हटलं की फौजी भाषेत 'नाना'. अपंगत्वाची टक्केवारी २० च्या खाली गेली तरी पैसा नाही, आणि नाना लागलं तर टक्के कितीही असोत, हातात काही नाही.

मित्रांनो, एक गोष्ट जरूर लक्षात ठेवा. २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि पुढे आजारामुळेच फौजेतून घरी पाठवलं, तर बिघडलेली तब्येत नोकरीमुळेच बिघडली असं धरून चालायचं, आणि ते तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी फौजेची, जवानाची नाही. त्या जवानाला मिरगीचा आजार होता. पण न्यायालयापर्यंत जायला दम लागतो, आणि माझ्याकडं नेमका तोच कमी आहे. म्हणून कागद लागतात.

रेकॉर्डवाल्यांनी जुने मेडिकल कागद मागितले. मी अख्खी पेटी उपसली. वर्दी, बेल्ट, पलटणीचा फोटो. फोटोच्या मागच्या पुठ्ठ्यात घडी घातलेली चिठ्ठी होती. एमआय रूमची. शिक्का पुसट झालेला, पण माझा नंबर, २००७ ची तारीख आणि डॉक्टरांच्या अक्षरात 'कफ, ब्रेथलेसनेस' एवढं साफ वाचता येतं. ती तिथं कशी राहिली, देव जाणे. बायकोनं ती दोन हातांनी धरली, जसं सोनं धरावं.

कामठीच्या लष्करी हॉस्पिटलात तपासणीचं बोलावणं आलं. पहाटेची एसटी धरून गेलो. नळीत फुंकायची टेस्ट झाली. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि पोरगेलासा तंत्रज्ञ ओरडतो, "मारो, मारो, मारो, और मारो!" छातीतली हवा जोरात काढून सहा सेकंद फुंकत राहायचं. तिसऱ्या सेकंदाला डोळ्यांपुढे काजवे आले. मग औषधाचे फवारे देऊन थोडा वेळ बसवलं आणि परत फुंकायला लावलं. औषधानं आकडा फारसा वर आला नाही. पहिल्या सेकंदाला निघालेली हवा एकूण हवेच्या सत्तर टक्क्यांच्या आत राहिली, म्हणजे श्वासनळ्या अरुंद झाल्या.

डॉक्टर मॅडम शांतपणे बोलल्या. त्यांनी विचारलं, "घर में चूल्हा है? खेत में कुछ जलाते हो?" मी खरं सांगितलं. चूल आहे, दरवर्षी पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, जळतात, जिनिंगची धूळही गावावर येते. पण मॅडम, खोकला पऱ्हाट्यांच्या आधी लागला, ही बघा तारीख. त्यांनी चिठ्ठी उजेडाकडे धरली आणि बराच वेळ पाहिली. झेरॉक्स ठेवून घेतली, मूळ चिठ्ठी परत दिली, म्हणाल्या, "इसे लॅमिनेट मत कराना, बस संभालके रखना."

आता पुण्याच्या लष्करी छाती-हृदय संस्थेतल्या तज्ज्ञांचं मत घेतल्यावर बोर्ड बसेल. पुढच्या आठवड्यात पुलगावहून महाराष्ट्र एक्सप्रेस आहे. सोबत पुतण्या येतोय. तो भरतीची तयारी करतो, पहाटे चारला १६०० मीटर पळतो आणि मला स्टॉपवॉच धरायला बसवतो. काल त्यानं विचारलं, "काका, पुण्याला काय काय घेऊ?" फाइल त्याच्याच हातात दिली. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला दोन गाठी मारून. आणि चिठ्ठी? ती माझ्या खिशात राहील.