आरशाची नक्षीदार चौकट घरी कोरायची तर

घरी कोरलेली आरशाची चौकट बिघडते ती सहसा नक्षीमुळे नव्हे. लाकूड ओलं निघतं, कोपरे उघडतात, नाहीतर आरसा बसवताना काच तडकते. म्हणून इथे वेलबुट्टीइतकाच वेळ मी मागच्या बाजूला देणार आहे.

माप असं धरू: आरसा दिसेल १२ बाय १८ इंच, पट्ट्या साडेतीन इंच रुंद, म्हणजे बाहेरून चौकट १९ बाय २५ इंच. जाडी रंधून झाल्यावर सव्वा इंच, सुतारी भाषेत १० सूत (१ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). वखारीत ४ बाय दीड इंचाचे तुकडे मागा, दोन २७ इंचांचे आणि दोन १८ इंचांचे. हिशेब ०.३१ घनफुटाचा येतो. त्याच लाकडाचा फूटभर तुकडा जास्त घ्या. हत्याराचा हात बसवायला आणि पॉलिशचा रंग बघायला तो लागतोच.

लाकूड सागवान किंवा शिवण. शिवण मऊ, हत्याराखाली लोण्यासारखं चालतं, पहिल्या कामाला उत्तम. पण रंग फिका, आणि धार जरा कमी झाली की कापण्याऐवजी तंतू दाबले जातात. साग रेषा स्वच्छ धरतो, पाण्याला आणि वाळवीला दाद देत नाही, मात्र त्याच्यात सिलिका असते, त्यामुळे पटाशीची धार लवकर जाते. जुन्या नाशकात वाडे उतरवताना निघालेलं सागवान मिळालं तर डोळे झाकून घ्यावं, असं नाही म्हणणार. डोळे उघडे ठेवून घ्यावं. वाळलेलं असतं हे खरं, पण आत तुटके खिळे असतात. प्रत्येक तुकड्यावरून लोहचुंबक फिरवा. लाकडावर काळानिळा डाग दिसला तर तिथे लोखंड आहे किंवा होतं असं धरून चाला.

ओल मोजायचं छोटं यंत्र घेतलंत तर पैसे वाया जाणार नाहीत. आकडा १० ते १२ टक्क्यांत हवा. नाशकात पावसाळ्यात वखारीतलं लाकूड यापेक्षा बरंच वर असतं, आणि मार्च ते मेच्या कोरड्या हवेत तेच आकसतं. तुकडे कापून, मध्ये काड्या घालून, पंख्याचा थेट झोत लागणार नाही अशा खोलीत महिनाभर तरी रचून ठेवा. नवीन लाकडाला आणखी वेळ द्या.

आता सांधा. फोटोफ्रेमसारखा ४५ अंशांचा तिरका सांधा दिसायला छान, पण साडेतीन इंच रुंद पट्टीला तो टिकत नाही. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. पट्टी आकसली की तिरक्या कापाचा कोन ४५ पेक्षा कमी होतो आणि सांधा आतल्या टोकाशी, म्हणजे नेमका आरशाजवळ उघडतो. फुगली की बाहेरच्या टोकाशी. पावसाळ्यात जोडलेल्या चौकटीत एप्रिलमध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट दिसते ती यामुळेच.

त्यापेक्षा कूस आणि खोबण करा, म्हणजे एका पट्टीच्या टोकाला जीभ काढून ती दुसरीतल्या खड्ड्यात बसवायची. उभ्या पट्ट्यांत खोबण, आडव्यांना कूस. कूस ३ सूत जाड, अडीच इंच लांब. समोरच्या बाजूने ४ सूत सोडून ती घ्यायची, म्हणजे वरची नक्षी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. कुशीची रुंदी दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच कमी करून अडीच इंच ठेवा. आतल्या बाजूचा हा अर्धा इंच महत्त्वाचा, कारण पुढे आरशाची खाच पाडताना कूस उघडी पडत नाही. खोबण कुशीपेक्षा १ सूत खोल, सरसाला जागा म्हणून. उभ्या पट्ट्या २७ इंचांच्या घेतल्या त्या दोन्ही टोकांना एकेक इंच शिंग, म्हणजे जास्तीचं लाकूड, राहावं म्हणून. खोबण टोकाच्या इतकी जवळ येते की शिंग नसेल तर पटाशीच्या दुसऱ्या घावाला टोक फुटतं. जोडून वाळल्यावर शिंगं कापून टाकायची.

साग तेलकट असतो. सरस लावण्याआधी कूस थिनरच्या फडक्याने पुसून थिनर उडून जाईपर्यंत थांबा. फेविकॉल लावून शिकंजे (क्लॅम्प) आवळले की दोन्ही कर्ण मोजा. १ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर लांब कर्णाच्या दिशेने शिकंजा थोडा तिरका करा. डिसेंबर-जानेवारीत हे काम दुपारी करा. सकाळी पारा १० अंशांच्या खाली असताना पांढरा सरस खडूसारखा भुसभुशीत सुकतो आणि सांधा धरत नाही.

चौकट सपाट रंधून घेतल्यावर मागून आरशाची खाच: ३ सूत रुंद, ४ सूत खोल. छोट्या राउटरला (खाच पाडायच्या विजेच्या यंत्राला) बेअरिंगवालं पातं लावून दोन फेऱ्यांत काढा, कोपरे गोल राहतात ते पटाशीने चौकोनी करा. ४ सूत म्हणजे साधारण साडेबारा मिलिमीटर. त्यात ५ मिलिमीटरचा आरसा, मागचा ४ मिलिमीटरचा प्लाय आणि मध्ये थोडी हवा, एवढं बसतं. आणि हे नक्षीच्या आधीच करायचं. नंतर चौकट पालथी घालून राउटर चालवलात तर पाकळ्या टेबलावर घासतील.

खाच पाडली की समोरच्या कडेखाली पोकळी राहते. तिच्यावर हातोडा बसला तर कड तडकते. म्हणून कोरकाम संपेपर्यंत खाचेत १२ एमएम प्लायच्या पट्ट्या, खाली कागदाची घडी घालून, घट्ट बसवून ठेवा. टेबलावर चौकटीभोवती चार ठोकळे स्क्रूने मारून एका बाजूला पाचर ठोकली की चौकट हलत नाही. फ्लॅटमध्ये काम करत असाल तर टेबलाच्या पायांखाली रबर घाला. खालच्या मजल्याचं म्हणणं अर्ध्याने कमी होतं.

नक्षीसाठी बाहेर जायची गरज नाही. सराफ बाजाराजवळचा सरकारवाडा आणि चांदवडचा रंगमहाल, दोन्हीकडचं लाकूडकाम सकाळच्या तिरप्या उन्हात जवळून बघा. नक्षी सावलीवर उभी असते हे तेव्हा कळतं. वेलीसाठी पैठणीवरची असावली घ्या. फांदी, पान, फूल असा तिचा साधा क्रम अरुंद पट्टीला बरोबर बसतो. पट्टीच्या बाहेरच्या आणि आतल्या कडेला ३-३ सुतांची सपाट किनार सोडा, मध्ये पावणेतीन इंचांची जागा उरते. आतली किनार सपाट ठेवण्याचं कारण दिसण्यापुरतं नाही: तिच्याच मागे खाच आहे, तिथे जाडी कमी करायची नसते.

चारही कोपऱ्यांत कमळ. सांध्यावर लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, एकदम उभीची आडवी होते, तिथून वेल नेली तर एकाच पानात हत्याराला दोन दिशा सांभाळाव्या लागतात. कमळाच्या पाकळ्या सांध्याच्या रेघेवर संपतील अशा मांडल्या की हा प्रश्न येत नाही आणि सांधाही लपतो. वेलीची फांदी ३ सुतांपेक्षा बारीक नको. जिथे ती वळून रेषेला आडवी जाते तिथे तंतू आखूड राहतात, आणि बारीक फांदी तिथेच तुटते. आणखी एक: वळणं आपल्याकडच्या गोल पटाशांना जुळतील अशीच काढा. कागदावर हवं तसं वळण काढता येतं, लाकडात ते हत्याराच्याच पात्याचं असतं. निम्मी नक्षी ट्रेसिंग पेपरवर काढून उलटवली आणि कार्बनने उतरवली की दोन्ही बाजू सारख्या येतात.

हत्यारं पाच पुरतात: १ इंचाची आणि ३ सुतांची सपाट पटाशी, अर्ध्या इंचाची उथळ गोल पटाशी, २ सुतांची खोल गोल पटाशी आणि एक व्ही आकाराची. धारेचा कोन २५ अंश. सागात टोक उडायला लागलं तर शेवटचा मिलिमीटरभर ३० अंशांचा करा. दगडानंतर जुन्या चामडी पट्ट्यावर हिरवी पेस्ट लावून घासा. धार बघायची ती आडव्या कापावर: तुकड्याच्या टोकाला काप घ्या, जागा चकचकीत निघाली तर ठीक, पांढरट-खरबरीत निघाली तर पुन्हा दगडावर. सागात दर पंधरा-वीस मिनिटांनी चामड्यावर फिरवावं लागतं. कंटाळा केला की जोर वाढतो, आणि हात घसरतो तो जोर वाढल्यावरच. दुसरा हात कधीही पात्यासमोर नको.

आधी व्ही पटाशीने रेघेच्या बाहेरून, अर्धा सूत सोडून, चर काढा. मग रेघेवर पटाशी ठोका, पण अगदी उभी नाही. मूठ जराशी पानाकडे झुकवा, म्हणजे भिंत खाली पसरट होते आणि पानाच्या कडेला आधार राहतो. एका घावात १ सुतापेक्षा खोल जाऊ नका. पातं पाचरीसारखं काम करतं आणि आतली पाकळी उडते. नंतर बाहेरून उथळ पटाशीने ढलप्या काढत जमीन, म्हणजे नक्षीमागची सपाट जागा, उतरवा, एकूण २ सूत. ३ सुतांपर्यंत गेलात तरी चालेल, त्यापुढे नको. जमीन सगळीकडे एका खोलीला आली पाहिजे. आगपेटीच्या काडीवर खूण करून ठिकठिकाणी तपासा. जमीन वरखाली असेल तर वरची पानं कितीही सुबक असोत, काम कच्चं दिसतं.

पान कोरताना एका बाजूला पातं सरळ जातं, दुसऱ्या बाजूला रेषा उलटी येते आणि कपची उडते. तिथे दिशा बदला, ढकलू नका. उडालेली कपची फेकू नका, लगेच सरस लावून चिकटपट्टीने दाबून ठेवा, सांधा दिसतही नाही.

नाशिककरांना द्राक्षांचा घड हवाच असतो. करा, पण वेल जमल्यावर. एकेक मणी ४ सुतांचा. गोल पटाशी पालथी धरून माथ्याकडून खाली उतरत यायचं, चार बाजूंनी. दोन बाजूंनी सहज येतं, उरलेल्या दोन बाजूंनी खालून वर गेलात तर मण्याची टोपी अख्खी उडते. घडाला मधोमध १ सूत जास्त उंची आधीच सोडली तर मणी एकावर एक रचल्यासारखे दिसतात.

पॉलिश पेपर फक्त किनारींवर, १२० मग २२० नंबर. पानांवर फिरवला की कडा मरतात. शिवाय त्याची रेती तंतूंत बसते आणि नंतर लावलेल्या पटाशीची धार घालवते. जमीन खरबरीत वाटली तर खिळ्याच्या बोथट टोकाने बारीक ठिपके मारा, वेल उठून दिसते.

पॉलिशला ३० ग्रॅम चपडा लाख २५० मिलिलिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून मलमलीतून गाळा. ब्रशने पातळ तीन-चार हात द्या, खोलगट जागी साचू देऊ नका. पावसाळ्यात हे करू नका, हवेतल्या दमटपणाने लाख दुधाळ होते. जवसाचं तेल वापरणार असाल तर फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा.

खाचेच्या आतल्या बाजूला काळा रंग द्या. नाहीतर आरशात कच्च्या लाकडाची पिवळी रेघ दिसत राहते, आणि एकदा दिसली की सारखी तिथेच नजर जाते. आरसा ३२१ बाय ४७३ मिलिमीटर कापून घ्या. खाचेपेक्षा प्रत्येक मापात ३ मिलिमीटर कमी, लाकूड हललं तरी काचेवर दाब येऊ नये म्हणून. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन मागे लावू नका, चांदीचा थर खातो. मागे प्लाय आणि छोट्या फिरत्या पट्ट्या, त्याही हाताने आवळलेल्या.

सगळं मिळून वजन साडेपाच किलोच्या आसपास जातं. तार आणि एक खिळा नको. ४५ अंशांत चिरलेली लाकडी पट्टी घ्या, अर्धी चौकटीच्या वरच्या पट्टीला, अर्धी भिंतीला, दोन ८ मिलिमीटरच्या गिट्ट्या मारून. भिंतीकडच्या पट्टीची धार वर आणि भिंतीपासून बाहेर झुकलेली हवी. उलट लावली तर चौकट अडकतच नाही. स्क्रू विटेत किमान दीड इंच जायला हवा, गिलाव्याची जाडी त्यात धरायची नाही.