कुणाच्या धुऱ्यावरचं?

लाकडाला वाकस लावायच्या आधी आजा एकच विचारायचा, "कुणाच्या धुऱ्यावरचं?" धुरा म्हणजे शेताचा बांध. सेलू तालुक्यातलं आमचं गाव, घर सुताराचं. तिफण, वखर, जू, सगळं बाभळीचं. झाड नाल्याकाठचं की माळावरचं, कधी तोडलं, विहिरीत किती दिवस मुरवलं, हे त्याला पाठ असायचं. पाण्यात मुरवलेल्या बाभळीला भुंगा सहसा लागत नाही.

मी परभणीत पोळपाट आणि चॉपिंग बोर्ड बनवतो, कडुलिंबाचे अन् बाभळीचे. मागच्या दिवाळीआधी युरोपात माल पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्यानं चारशे बोर्ड मागितले. नमुना पसंत पडला आणि मग एका ओळीचा मेसेज आला, "एफएससी आहे का?" म्हणजे लाकूड नीट राखलेल्या जंगलातलं असल्याचं प्रमाणपत्र. मी लिहिलं, लिंबं माझ्या मामाच्या शेतातल्या आखाड्यावरची आहेत, वादळात पडलेली, फोटो पाठवतो. ऑर्डर दुसरीकडं गेली.

दोन दिवस फार राग होता. ज्या झाडाखाली मी लहानपणी झोपलो, त्याचा पुरावा मी कुठून आणू? पण मग वाचायला बसलो.

१९९२ च्या पर्यावरणावरच्या रिओ परिषदेत जंगलांबद्दल बंधनकारक करार झाला नाही. मग पर्यावरणवाले, लाकूडवाले आणि आदिवासींच्या संघटना एकत्र आल्या आणि १९९३ मध्ये कॅनडातल्या टोरंटोत फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, म्हणजेच एफएससी, उभी राहिली. प्लायवूडवर, वहीच्या पाठीवर झाडाचं आणि बरोबरच्या खुणेचं जे चित्र दिसतं, ते तिचंच. त्याखाली 'मिक्स' लिहिलेलं असेल तर सगळा माल प्रमाणित जंगलातला नसतो, हेही मला तेव्हाच कळलं.

मला सगळ्यात पटलं ते हिशेबाचं. जंगलापासून दुकानापर्यंत ज्याच्या ज्याच्या मालकीत लाकूड येतं, त्या प्रत्येकानं किती आलं आणि किती गेलं ते लिहून ठेवायचं, प्रमाणित माल वेगळा रचायचा, आणि दरवर्षी तपासनीस येऊन वही पाहणार. माझ्याकडं दहा घनफूट गोल लाकडातून पाच-सहा घनफूट फळी निघते, बाकी साल, भुसा, तुकडे. कुणी आठ-नऊ दाखवली, तर बाहेरचं लाकूड मिसळलंय हे मीसुद्धा सांगेन. लबाडी भुशाच्या हिशेबात सापडते.

त्याच महिन्यात चौकटीसाठी नांदेडच्या एका वखारीत गेलो. 'घाना सागवान' होतं. घानातलं कुठलं, लागवडीचं की जंगलातलं? मालक म्हणाला, "कंटेनरमधून आलं." किनवटच्या सागाचं तसं नसतं. त्यावर वनखात्याच्या हातोड्याची खूण असते, सोबत वाहतूक परवाना असतो. पण परवाना एवढंच सांगतो की माल चोरीचा नाही. तोडल्या जागी पुन्हा झाड उभं राहिलं का, ओढ्याचा काठ राखला का, तोडणाऱ्या मजुरांना नीट दाम मिळाला का, ते त्यावर नसतं. प्रमाणपत्र हेच विचारतं, म्हणून मला ते हवंसं वाटायला लागलं.

अडचण खर्चाची आहे. तपासनिसाचं येणं-जाणं, फी, कागदपत्रं, हे चाळीस झाडांच्या शेतकऱ्याला झेपत नाही. त्यासाठी गट प्रमाणपत्राची सोय आहे. अनेक शेतकरी एका प्रमाणपत्राखाली येतात, गटाचा माणूस आधी सगळ्यांची पाहणी करतो आणि तपासनीस त्यातले काही निवडून बघतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनंही वन आणि लाकूड प्रमाणनाची ऐच्छिक योजना आणली, आणि तिच्यात जंगलाबाहेरची झाडंही आहेत. आमच्या मराठवाड्यात जंगल आहेच किती? आमचं लाकूड धुऱ्यावरचं. ही सोय खरंच गावापर्यंत आली, तर ती आमच्याच उपयोगाची.

मागच्या रविवारी मामांबरोबर त्यांचा धुरा चाललो. अकरा लिंबं, सात बाभळी, एक जुनी चिंच. चिंच तोडायची नाहीच, तरी लिहिली. छातीच्या उंचीवर घेर मोजला, प्रत्येकाला नंबर दिला. पडलेल्या दोन लिंबांच्या जागी मामांनी पावसाळ्यात रोपं लावली होती, ढोरं खाऊ नयेत म्हणून काट्या लावून. मामा म्हणाले, "हे बी लिही रे, लहान हायत म्हणून सोडू नको."

लिहिली. वीस आणि एकवीस नंबर. पुढच्या महिन्यात गावातल्या शेतकरी कंपनीची बैठक आहे. वही घेऊन जाणार आहे, आणखी वीस-पंचवीस जणांनी धुरे मोजायला हो म्हणावं म्हणून.